साहेब, लेखी द्या

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा मजकूर वाचला. व्हॉट्सॲपवर उत्तर दिलं नाही. एक तर माझा अंगठा त्या बारक्या अक्षरांवर चालत नाही, आणि तुझ्या खात्यात कुणाचा मोबाइल कधी कुणाच्या हातात जाईल याचा नेम नाही. म्हणून हे पत्र तुझ्या दादाच्या हाती देतोय. तो उद्या भाडं घेऊन तुझ्या बाजूला येतोय. पाकीट फोडणार नाही, एवढी त्याची खात्री आहे.

तू विचारलंस, "सर, पोलिसात आले ही चूक झाली का? शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागलं होतं तेव्हाच शिक्षिका झाले असते तर बरं झालं असतं का?" याचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचं बोलता येईल. शिक्षिका झाली असतीस तर एखाद्या संध्याकाळी त्याच ठाण्यात, टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसली असतीस आणि अलीकडची कुणीतरी तुझी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेत असती. झालं. हा विषय पुन्हा काढू नकोस.

आता त्या मुख्याध्यापिका बाई. संस्था कुठली हे तू लिहिलं नाहीस, बरं केलंस. मला नाव लागतही नाही. आपल्याकडच्या कितीतरी हायस्कुलांची कुंडली हीच आहे. गावच्या चाकरमान्यांनी परळ-लालबागच्या खोल्यांत बसून, गिरणीच्या पगारातून वर्गणी काढून मंडळ उभं केलं, मंडळानं शाळा काढली. ती माणसं मोठी होती. ती गेली, आणि मागे राहिली एक इमारत, एक अनुदान आणि दोन गट: मुंबई कमिटी नि स्थानिक कमिटी. दोघांचे चेंज रिपोर्ट, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याचे अर्ज, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वर्षानुवर्षं पडून. एका गटानं एका पक्षाचा गमछा गळ्यात घातला की दुसरा गट मुकाट्यानं दुसऱ्या पक्षात जातो. खरी कार्यकारिणी कुठली हे ठरत नाही तोवर शाळेचा शिक्का आणि विद्यार्थ्यांच्या नोंदीचं जनरल रजिस्टर ज्याच्या कपाटात, तो संस्थाचालक. म्हणून एका गटाची माणसं बाईंकडे रजिस्टर मागायला आली. बाईंनी दिलं नाही, तर बाहेरून कडी घालून निघून गेली. शिपायानं मागच्या खिडकीच्या गजांतून पाण्याची बाटली दिली, हा तुझ्या मजकुरातला तपशील मला विसरता येत नाही. शाळा सुटली तेव्हा कडी निघाली.

तू फिर्याद लिहायला घेतलीस. ठाण्यातला फोन वाजला. प्रभारी साहेब केबिनमधून बाहेर आले नि म्हणाले, "संस्थेचा अंतर्गत वाद आहे, एनसी करून टाक." तू केलीस. बाईंनी कागदाची घडी घातली, "थँक्यू मॅडम" म्हणाल्या आणि गेल्या. त्या थँक्यूनं तुझी झोप उडाली. उडायलाच हवी होती.

कलमं तुला मी शिकवायला नकोत. कोंडून ठेवणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं १२७. शिक्षा एक वर्षापर्यंत, जामीनपात्र, पण दखलपात्र. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगून ठेवलंय की खबरीत दखलपात्र गुन्हा दिसला की एफआयआर नोंदवायचाच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आहे, पण ती तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांना, आणि तीही डीवायएसपींच्या, म्हणजे उपअधीक्षकांच्या, परवानगीनं. इथं ती लागत नाही. मग एनसीच का? कारण एनसीवर मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तुला तपासच करता येत नाही. फोन करणाऱ्याला कायदा तुझ्याइतकाच कळतो, बाय. तक्रार फाडून टाक असं तो म्हणालाच नाही. त्यानं तुझे हात बांधून घेतले, आणि तू म्हणतेस "नोंद तरी केली."

पण मला विचारायचंय ते वेगळंच. एवढा लांब मजकूर लिहिलास, त्यात साहेब काय म्हणाले, बाई काय म्हणाल्या, हवालदार गालात कसा हसला, सगळं आहे. साहेबांनी ते लेखी दिलं का, हे नाही. दिलं नसणारच. मग तू मागितलंस का? "साहेब, लेखी द्या" हे तीन शब्द तुझ्या तोंडून निघाले का?

माझ्याकडे तुला देण्यासारखं एवढंच आहे. बाकी धैर्य, सचोटी वगैरे तुझ्यात आहेत. नसती तर झोप लागली असती. लेखी माग. दर वेळी माग. गोड बोलून माग, हात जोडून माग, पण माग.

१९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम काढून त्यातला तिसरा नियम वाच. सरकारी नोकरानं कामात स्वतःची बुद्धी वापरावी. वरिष्ठाच्या सांगण्यावरून काही करायचं असेल तर ते सांगणं लेखी घ्यावं. त्या घडीला जमलं नाही, तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा. हा नियम तुझ्या साहेबांना नाही, तुला बांधतो. तोंडी सांगणारा नियमाच्या बाहेर आरामात उभा असतो. तोंडी ऐकून करणारा सापडतो. सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात सनदी नोकरांबद्दल हेच सांगितलं: तोंडी आदेशांवर काम करू नका, ते नोंदवून ठेवा. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते टी. एस. आर. सुब्रमण्यन देशाचे कॅबिनेट सचिव होते. पुढे २०१६ साली नव्या शिक्षण धोरणासाठीच्या समितीचा अहवाल आला, तिचे अध्यक्षही तेच, आणि त्या अहवालातही शिक्षणातल्या राजकीय ढवळाढवळीवर कडक लिहिलंय. एकाच माणसाला दोन्हीकडे तीच घाण दिसली, याचं मला तरी नवल वाटलं नाही.

आणि २०२१ चा मार्च आठव. मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून बदली झालेल्या अधिकाऱ्यानं मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, गृहमंत्र्यांनी तोंडी काय काय सांगितलं म्हणून. त्यातलं खरंखोटं कोर्टानं बघावं. मी फक्त तारीख पाहिली. पत्र बदलीनंतरचं होतं. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसालाही बदलीपूर्वी कागद आठवला नाही.

नाशिकच्या अकादमीत असताना तू पोलीस सुधारणांवर बोललीस, त्याचा व्हिडिओ मला पाठवला होतास. चांगली बोललीस. धरम वीर आयोग १९७७ चा, १९८१ पर्यंत आठ अहवाल, मग धूळ, १९९६ ला माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंग कोर्टात, निकाल २२ सप्टेंबर २००६ चा, सात निर्देश. सगळं तोंडपाठ. फक्त १८६१ च्या पोलीस कायद्याला शिव्या घातल्यास तिथं मला हसू आलं. आपल्याकडे तो कायदा चालतच नाही. इथं १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आहे, आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. इंग्रजांवर ढकलायची सोय नाही आपल्याला, हा आपणच केलाय. २०१४ ला त्यात दुरुस्ती होऊन बदल्या बघणारी आस्थापना मंडळं आली, तक्रार प्राधिकरण आलं, फौजदारापासून निरीक्षकापर्यंत एका ठाण्यात दोन वर्षांचा कार्यकाळ आला. आणि त्याच कलम २२-एन मध्ये मागचं दार ठेवलं: अपवादात्मक प्रकरणी, लोकहितासाठी, प्रशासकीय निकड म्हणून मुदतीआधीही बदली करता येईल.

चर्चा कशावर होते बघ. महासंचालक कुणी निवडायचा, राज्य सुरक्षा आयोगात विरोधी पक्षनेता असावा की नसावा. तिकडे शिक्षणात २०२१ च्या डिसेंबरात विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती आणली, मंत्र्यांना प्र-कुलपती करायचं, कुलगुरू निवडीत सरकारचा हात वाढवायचा. सरकार बदललं आणि ते विधेयक मागे घेतलं गेलं. राज्यपाल की मंत्री, मंत्री की राज्यपाल. हे प्रश्न खोटे नाहीत, कुणीतरी त्यावर भांडायलाच हवं. पण तुझ्या ठाण्यातला फोन वाजतो तेव्हा पलीकडे राज्यपाल नसतो. तालुक्याचा कुणीतरी असतो, ज्याला मागच्या गणपतीत तुझ्या साहेबांनी आरतीचं ताट धरायला बोलावलं होतं. त्या फोनवर सात निर्देशांतला एकही चालत नाही. त्याला कागद लागतो, तारीख लागते, सही लागते.

आमच्याकडचं सांगतो. तू तेव्हा सहावीत होतीस, तुला आमचं राजकारण कळण्याचं वय नव्हतं. २ मे २०१२ च्या शासन निर्णयानं शिक्षक भरती बंद झाली. आधीच्या ऑक्टोबरात पटपडताळणी, म्हणजे पटावरची मुलं खरंच आहेत का याची मोजणी, होऊन गेलेली, शाळाशाळांत अतिरिक्त शिक्षक निघालेले. बंदी आल्यावर संस्थाचालकांनी काय करावं? तारखा मागे न्याव्यात. दहावीवर माझा गणिताचा तास चालू होता, शिपाई दारात येऊन उभा: "सर, मुंबैसून फोन इलोहा. अध्यक्षांचो." अध्यक्षांच्या नात्यातला एक मुलगा जून २०११ पासूनच आमच्याकडे शिकवतोय असं दाखवायचं होतं. त्याचा रुजू रिपोर्ट तयार होता. हजेरीपत्रकाच्या जुन्या पानांवर शेवटच्या ओळीखाली जागा होती, तिथं नाव चढवायचं, आणि मुख्याध्यापक म्हणून मी सही करायची. मुलगा वाईट नव्हता. डीएड झालेला, गरजू, लग्नाचा. हे सगळं मला फोनवर सांगण्यात आलं.

मी म्हटलं, "साहेब, लेखी द्या. कार्यकारिणीच्या ठरावाच्या नकलेसह पाठवा, मी शिक्षणाधिकाऱ्यांकडे मार्गदर्शनासाठी पाठवतो."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग, "मास्तर, एवढ्याशा गोष्टीला लेखी?"

लेखी आलं नाही. पुढे आलं ते निलंबनाचं पत्र: संस्थेशी असहकार. ते मात्र रीतसर जावक क्रमांक घालून होतं. त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे, कारण पुढे बडतर्फ केलं तेव्हा त्याच कागदांवर मी शाळा न्यायाधिकरणात उभा राहिलो आणि परत आलो. मधे अर्धा पगार, मग तोही नाही. ही तिच्या माहेरी गेली ती झाडांची कलमं विकायला मदत करते म्हणून. खरं कारण सगळ्या वाडीला ठाऊक होतं. गावात मला नाव पडलं, 'लेखी मास्तर'. अजून आहे. बाजारात पोरं मागून ओरडतात, त्यातल्या निम्म्यांना ते का पडलं हेही ठाऊक नाही.

आता जे लिहितोय ते लिहावं की नको, म्हणून पेन जरा थांबलं होतं. त्या वर्षी तुझा दादा दहावीला होता. मी वर्गाबाहेर, गणिताला तासिकेवर एक पोरगा ठेवला होता, तो दिवाळीनंतर मुंबईला नोकरी लागून गेला. दादा गणितात राहिला. ऑक्टोबरला बसलाच नाही. कोकण बोर्ड दहावीत राज्यात पहिलं येतं, पेपरात पेढ्यांचे फोटो येतात, आणि मी तो पेपर उचलून बाजूला ठेवतो. दादा आज रिक्षा चालवतो, नेकीनं चालवतो. मला रस्त्यात पाहिलं की थांबतो आणि पैसे घेत नाही. तेच मला सोसत नाही.

तुझ्या आईनं कधी शब्द काढला नाही. दुसऱ्यांनी काढला: मास्तरनं एक सही केली असती तर पोरांचं वर्ष वाचलं असतं. या प्रश्नाशी मी पुष्कळ भांडलोय. पोरांचं नुकसान सही न करणाऱ्यानं केलं, की सही न केली म्हणून त्याला वर्गातून उठवणाऱ्यानं? तू म्हणशील, सर स्वतःचीच वकिली करतायत. करतो. दुसरं कोण करणार? आणि समज, केली असती सही. २०२५ साली नागपूरला बोगस शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठीच्या ओळख क्रमांकांचं, प्रकरण उघड झालं. कधीच न नेमलेल्या शिक्षकांचे पगार निघत होते. शिक्षण उपसंचालकापर्यंत अटका झाल्या, मुख्याध्यापकही सापडले. कागदावर ज्यांच्या सह्या होत्या ते सापडले. ज्यांनी फोनवर "एवढं करून टाका" म्हटलं असेल, त्यांचा आवाज कुठल्या फायलीला लावणार? तो पेपर मी हिला मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, "कळलं, आता जेवा."

त्याच वर्षाचं दुसरं उदाहरण घे. १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय: पहिलीपासून हिंदी सक्तीची. जूनच्या १७ तारखेला सुधारित निर्णय. राज्यभर रान पेटलं, प्रतींच्या होळ्या झाल्या आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, यावर आपण दोघं एकदा सबंध दुपार भांडू. पण मागे काय घेतलं? कागद घेतला. क्रमांक होता, तारीख होती, म्हणून लोकांना धरता आला, जाळता आला, सरकारला रद्द करता आला. तोंडी सांगून शाळाशाळांत तेच सुरू केलं असतं, तर कोण कशाविरुद्ध उठलं असतं? आमचे अधिकारी हल्ली बरंचसं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हाकतात, "आजच माहिती पाठवा" म्हणून. त्याचा तरी स्क्रीनशॉट निघतो. पुढारी हुशार, ते मेसेज करत नाहीत, कॉल करतात.

तू म्हणशील, लेखीच दिलं तर? बेकायदा गोष्ट मला उभ्या नोकरीत कुणी लेखी दिली नाही. दिलीच, तर त्याच कागदाखाली तुझा अभिप्राय लिहायचा: हे अमुक कलमाविरुद्ध दिसतं, मार्गदर्शन व्हावं. आणि मार्गदर्शन येईपर्यंत करायचं नाही. कागद हातात आला म्हणून पाप तुझं राहत नाही, असं मी कधी म्हटलेलं नाही. तसं समजणारे पुष्कळ भेटले, त्यांच्यात बसू नकोस.

आणि बंदोबस्तात लाठीमाराच्या वेळी लेखी मागत बसू नकोस, तेवढी अक्कल तुला आहे. तिथं नियमातला दुसरा भाग: नंतर लवकरात लवकर. जैतापूर अणुप्रकल्पाच्या वेळी, एप्रिल २०११ मध्ये, साखरीनाट्यात गोळीबार झाला, एक जण गेला. २०२३ ला रिफायनरीच्या वादात बारसूला अश्रुधूर झाला. तिथल्या माणसांना भेट कधीतरी, गणवेशात नको. प्रकल्प हवा की नको यावर एकाच घरात दोन मतं निघतील, पण हुकूम कुणाचा होता हे सगळेच विचारतात. त्या दिवशी ठाण्यात परत आल्यावर, चिखलाचे बूट काढायच्या आधी, कुणी केव्हा काय सांगितलं ते डायरीत लिहायचं.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती तुला कुठल्या अकादमीत शिकवलेली नाही. कोकणात दमदाटी क्वचित होते. इथं माणूस पडवीत येऊन बसतो, तुझ्या आजोबांचं नाव काढतो, चहा घेतो आणि उठताना म्हणतो, "बाय, तो आपलोच माणूस हा गो." जाताना मे महिना असेल तर हापूसची पेटी खांबाशी ठेवून जातो. माझ्याकडे अशी पेटी यायची. मी पोच लिहायचो: 'आपल्याकडून देवगड हापूस एक पेटी मिळाली, बाजारभावाने रक्कम सोबत पाठवत आहे.' खाली सही, तारीख. पुढच्या वर्षी पेटी आली नाही. ही चिडली, कारण आंबा चांगला होता. पण नात्यातल्या माणसालाही पोच लिहून देता येते, आणि त्यानं नातं तुटत नाही. जे तुटलं ते नातं नव्हतंच. रागावू नकोस, पण तुझ्या मामांनाही हे लागू आहे. त्यांचाही फोन येईल एक दिवस.

बदलीची भीती. कंट्रोलला टाकतील, म्हणतेस. टाकू देत. कंट्रोल रूममध्येही खुर्ची असते आणि वाचायला वेळ मिळतो. गडचिरोलीचं नाव तू ज्या सुरात लिहिलंस तो मला आवडला नाही. तिथं माणसं राहतात आणि त्यांनाही चांगला फौजदार लागतो. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळा बघ: घाटावरून आलेला शिक्षक पहिल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीचा अर्ज खिशात घेऊन हिंडतो, संधी मिळाली की जातो, वर्ग रिकामा; आणि इथली डीएड झालेली पोरं स्थानिकांना घ्या म्हणून उपोषणाला बसतात. बदली ही शिक्षा, हे आपणच मान्य केलं म्हणून ती हत्यार झाली. मुदतीआधी बदली केलीच, तर त्यांना कारण कागदावर आणावं लागेल आणि ते कारण तुला मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, तपासून घेता येईल. बघ, शेवटी त्यांनाही लेखी द्यावंच लागतं.

साहेबांबद्दल तू लिहिलंस की माणूस वाईट नाही, मुलगी बारावीला आहे, मधेच उचललं तर तिचं वर्ष जाईल. वाचून बरं वाटलं, की तुला अजून समोरच्याची मुलगी दिसते. पण मग त्या माणसाला मदत कर ना. आज त्याला फोनवर "हो" म्हणण्यावाचून दुसरं काही सुचत नाही. तू लेखी मागितलंस की त्याला वर सांगायला तोंड मिळतं: "काय करू साहेब, नवीन पोरगी आहे, लेखी मागते, ऐकत नाही." शिव्या तुला बसतील, तो सुटेल. माझ्या शाळेतले दोन शिक्षक असेच माझ्या नावावर सुटले. नंतर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच. तेही होईल, तयारी ठेव.

आता कामाचं. एनसी झाली म्हणून संपलं नाही. साध्या कागदावर, मायना वगैरे नीट घालून, प्रभारी साहेबांना रिपोर्ट लिही: फिर्यादीतल्या मजकुरावरून कलम १२७ चा दखलपात्र गुन्हा दिसतो, आपल्या तोंडी सूचनेवरून अदखलपात्र नोंद घेतली आहे, तरी पुढील कार्यवाहीबाबत लेखी आदेश व्हावेत. तोंडी सूचना किती वाजता झाली, तेही टाक. आवक-जावकला नोंद करून घे, एक प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांना. स्टेशन डायरीत नोंद तुझ्या हातानं. भाषा थंड ठेव. तुला राग आला की तू विशेषणं वापरतेस, नववीपासूनची खोड आहे. उत्तर बहुधा येणार नाही. आठ दिवसांनी स्मरणपत्र, मग पुन्हा स्मरणपत्र.

बाईंना सांग की ठाण्यात नोंद झाली नाही तर कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमाखाली त्यांनी फिर्याद टपालानं एसपींकडे पाठवावी. तिथंही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेट. हे सांगण्यात तू कुणाची बाजू घेत नाहीस. ठाण्यात आलेल्या कुणालाही हे सांगायला हवं. स्पीड पोस्टानं, पोचीच्या पुराव्यासह. कुरिअर नको.

आणि हे पत्र मिळेल त्याच दिवशी, दादा तिथून परत निघायच्या आत: शाळेच्या व्हरांड्यात कॅमेरा आहे असं तू ओझरतं लिहिलंयस. त्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं मशीन, बाईंच्याच ऑफिसात असणार. ती मशीनं ठरावीक दिवसांनी जुनं पुसून वर नवं भरतात. तुला एनसीवर ते जप्त करता येणार नाही, पण बाई मुख्याध्यापिका आहेत, त्यांना नक्कल काढून ठेवता येते. पेन ड्राइव्हवर घेऊ देत, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र सोबत जोडू देत, आणि नक्कल काढली त्या दिवशीच शिक्षणाधिकाऱ्यांना पत्रानं कळवू देत. पत्राचा मसुदा मी करून देतो, त्यांना माझा नंबर दे. दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही.

तुझा,
सर